घरातली सिनेमाची पोस्टरं स्वस्तात फ्रेम कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटावर गुंडाळी करून ठेवलेलं पोस्टर भिंतीवर लावायचंय, पण फ्रेमवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून पाय मागे घेतलाय, अशांसाठी हे पान आहे. उत्तरं मुख्यतः आपल्याकडच्या हिंदी-मराठी सिनेमांच्या पोस्टरांना धरून दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हातातलं पोस्टर नवं प्रिंट असेल तर त्याला वाटेल ते करा. जुनं, मूळ छपाईचं असेल तर पुढेमागे काढून टाकता येईल तेवढंच करा. पुढची बहुतेक उत्तरं या फरकावरच उभी आहेत.

माझ्याकडचं पोस्टर मूळ आहे की रीप्रिंट, हे घरी कसं ओळखायचं?

एक साधं भिंग घ्या आणि पोस्टरातल्या एखाद्या चेहऱ्याचा गाल बघा. ऑफसेटवर छापलेलं असेल तर चार रंगांचे ठिपके ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात. इंकजेट प्रिंटमध्येही ठिपके असतात, पण विखुरलेले, कुठलीच नक्षी न धरणारे. म्हणजे ते हल्लीचं प्रिंट. ऑफसेटहूनही जुन्या लिथो (दगडावरून काढलेल्या) छपाईत ती नियमित जाळी नसते. रंग सपाट किंवा कणीदार दिसतो.

मग बोट फिरवा. जुनी पोस्टरं थिएटरांकडे घड्या घालून जायची, त्यामुळे मूळ पोस्टराला घड्यांच्या खऱ्या रेघा असतात. रीप्रिंट काढणारे जुन्या पोस्टराचं स्कॅन वापरतात, तेव्हा घडीची रेघही चित्रात छापून येते. ती डोळ्याला दिसते, पण बोटाला लागत नाही. असं आढळलं की वाद संपला, ते पोस्टर रीप्रिंटच.

तिसरी जागा म्हणजे खालची कड. बऱ्याच जुन्या पोस्टरांवर तिथे बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. रीप्रिंटमध्ये ही ओळ कापली गेलेली असते, नाहीतर वाचता येणार नाही इतकी फुटलेली. शिवाय जुना कागद पातळ असतो, कडेला पिवळा पडलेला असतो. जाड, एकसारखा पांढरा कागद दिसला तर शंका घ्यावी. शंका उलट बाजूनेही घ्यावी, कारण कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करता येतो.

एक पोटप्रश्न इथेच मिटवतो. सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला की पोस्टरं पुन्हा छापली जायची. तीही जुनी आणि अस्सलच, फक्त पहिल्या प्रदर्शनाची नव्हेत. घरात लावायला त्याने काहीच बिघडत नाही. 'फर्स्ट रिलीज' म्हणून कोणी दुप्पट भाव सांगत असेल तेव्हाच तो फरक महत्त्वाचा.

रेडीमेड फ्रेम माझ्या पोस्टराला का बसत नाही?

कारण मापं वेगवेगळ्या घराण्यांची आहेत. आपल्याकडचं जुनं मोठं पोस्टर साधारण ३०×४० इंचांचं, त्याखालचं २०×३० चं. अमेरिकन पोस्टर हल्ली २७×४० असतं आणि तिकडच्या दुकानांत विकायला छापलेली पोस्टरं २४×३६. डिजिटल प्रिंटवाले ए मापांत बोलतात. त्यात ए१ म्हणजे अंदाजे २३.४×३३.१ इंच, ए२ म्हणजे १६.५×२३.४ आणि ए३ म्हणजे ११.७×१६.५. यातलं एकही दुसऱ्यात चपखल बसत नाही.

म्हणून नवं प्रिंट काढणार असाल तर उलट्या क्रमाने जा. आधी फ्रेम घ्या, मग त्या मापाचं प्रिंट काढा. १२×१८ ची फ्रेम कुठेही मिळते आणि त्याच मापाचं प्रिंट कुठल्याही झेरॉक्स-डिजिटलवाल्याकडे निघतं. खर्च अर्ध्यावर येतो तो इथेच.

मूळ पोस्टर असेल तर मात्र ते कापून फ्रेमेत बसवण्याचा विचारही नको. पांढरी कड छाटली, छापखान्याची ओळ गेली, की त्या कागदाची निम्मी किंमत गेली. त्यापेक्षा एक माप मोठी फ्रेम घेऊन मधली जागा माउंटने, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या जाड बोर्डाच्या चौकटीने, भरावी.

मोजताना चारही बाजू मोजा. जुनी पोस्टरं काटकोनात कापलेली असतीलच असं नाही, आणि दुकानदाराला 'तीस बाय चाळीस' असं तोंडी सांगितलं की तो नेमकी तेवढीच चौकट बनवतो.

फ्रेमवाला भाव कसा लावतो?

पट्टी फुटावर, काच आणि मागचा बोर्ड चौरस फुटावर, वर मजुरी. एवढं माहीत असलं की दुकानात आपण गोंधळत नाही.

२०×३० चं पोस्टर धरा. चारही बाजूंची बेरीज १०० इंच. पट्टी एक इंच रुंद असेल तर कोपरे ४५ अंशांत कापताना साधारण तिच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे ८ इंच, जादा लागतात. झाले १०८ इंच, म्हणजे ९ फूट. काचेचं क्षेत्रफळ ६०० चौरस इंच, म्हणजे सव्वाचार चौरस फुटांना थोडं कमी. आता हिशोब कळावा म्हणून काही दर धरू. हे बाजारभाव नव्हेत. पट्टी ५० रुपये फूट, काच ६० आणि बोर्ड ४० रुपये चौरस फूट. पट्टीचे ४५०, काचेचे २५०, बोर्डाचे १६७. एकूण ८६७, वर मजुरी.

हेच ३०×४० ला करा. पट्टी सव्वाबारा फुटांच्या थोडी वर, काच आठ चौरस फुटांच्या वर. त्याच दरांत ६१७, ५०० आणि ३३३, म्हणजे १४५०. पट्टीचा खर्च सव्वापटीपेक्षा थोडा जास्त वाढला, काच आणि बोर्ड मात्र दुप्पट झाले. मोठ्या पोस्टरात पैसा काचेत जातो, आणि लोक घासाघीस करतात ती पट्टीच्या डिझाइनवरून.

मग पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत?

पट्टीवर वाचवा. सोनेरी नक्षीची रुंद पट्टी देवांच्या आणि आजोबांच्या तसबिरींना शोभते. पोस्टर मुळातच भडक असतं, त्याला अर्धा-पाऊण इंचाची काळी किंवा साध्या लाकडी रंगाची पट्टी पुरते. सिंथेटिक पट्टी स्वस्त पडते आणि तिला वाळवी लागत नाही. फक्त ३०×४० ला काच बसवणार असाल तर पट्टी जरा जाड घ्या, अगदी बारीक पट्टी मधोमध बाहेर फुगते.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. खिडक्या बनवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवाल्याकडे जा. मोठ्या मापाची साधी चौकट त्याच्या हातचा मळ आहे, काच कापणं तर रोजचंच. दिसायला जरा ऑफिसछाप होते, पण काळी पावडर कोटिंगवाली पट्टी मागितली तर बरी दिसते.

मागच्या बोर्डावर आणि पोस्टर-काचेतल्या फटीवर मात्र वाचवू नका. या दोन गोष्टी भिंतीवर लावल्यावर दिसत नाहीत, म्हणून त्या सगळ्यात आधी कापल्या जातात. साधा पुठ्ठा आणि हार्डबोर्ड आम्लधर्मी असतात. काही वर्षांत त्यांचा तपकिरी डाग कागदावर उतरतो. मूळ पोस्टराच्या मागे अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्डाचा एक थर घाला, त्याच्या मागे मजबुतीला हवं तर हार्डबोर्ड चालेल. असा बोर्ड चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. प्रिंटला यातलं काही लागत नाही.

दुकानदार म्हणतो, 'पेस्टिंग करून देतो, एकदम सपाट बसेल.' करू का?

प्रिंट असेल तर खुशाल करा. मूळ असेल तर नाही, नाही आणि नाही.

पेस्टिंग म्हणजे पोस्टराच्या पाठीला सगळीकडे डिंक किंवा फेविकॉल लावून ते प्लाय किंवा एमडीएफवर कायमचं चिकटवणं. दिसतं सुरेख. पण मागचं लाकूड पावसाळ्यात फुगलं की कागदही त्याच्याबरोबर ताणला जातो, बोर्डाला वाळवी लागली की ती कागदही खाते, आणि उद्या सोडवायचं म्हटलं तर सुटत नाही. दुकानात काउंटरवरचा मुलगा पावती फाडताना सवयीने विचारतो, 'पेस्टिंग ना?' आणि आपणही सवयीने मान हलवतो. पावतीवर 'चिकटवू नये' असं ठळक लिहून घ्या. पोस्टराच्या पाठीवर लिहू नका, पेनाची शाई पुढच्या बाजूला फुटते.

लॅमिनेशनचंही तेच. गरम लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक वितळून कागदात धरतं, ते परत निघत नाही. स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत लावायच्या प्रिंटला झकास, जुन्या पोस्टराला शिक्षा.

चिकटवायचं नाही, तर फ्रेमेत पोस्टर थांबतं कशावर?

दोन सोप्या पद्धती आहेत. पहिली, कोपऱ्यांचे खिसे. जुन्या फोटो अल्बममध्ये असत तसे कागदी त्रिकोण करायचे, ते बोर्डाला चिकटवायचे आणि पोस्टराचे कोपरे त्यांत सरकवायचे. डिंक पोस्टराला लागतच नाही. २०×३० पर्यंत हे छान चालतं.

मोठं पोस्टर पातळ असेल तर स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ पडतो. तिथे दुसरी पद्धत. वरच्या कडेला मागून पातळ कागदाच्या दोन-तीन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या आणि त्या बोर्डाला अडकवायच्या. पोस्टर वरून लोंबतं, खाली मोकळं राहतं. खालीही पक्कं केलंत तर दमट हवेत कागद वाढल्यावर त्याला जायला जागा उरत नाही आणि लाटा येतात. खळ घट्टसर हवी आणि अगदी थोडी. तिच्यात पाणी जास्त झालं तर पुढच्या बाजूला डाग उमटतो.

दुहेरी टेप, सेलोटेप, ब्राऊन टेप यांपैकी काहीही मूळ पोस्टराला लावू नये.

माउंट लागतंच का?

शोभेसाठी नाही, फटीसाठी लागतं. पोस्टर काचेला टेकलेलं असेल तर दमट दिवसांत छपाईची शाई काचेला धरते. जुनी फ्रेम उघडताना काच उचलावी आणि नायिकेच्या केसांचा काळा रंग काचेबरोबर वर यावा, असं होतं. माउंटच्या जाडीमुळे मध्ये हवा राहते.

माउंटची कड नको असेल, पोस्टर अगदी कडेपर्यंत दिसायला हवं असेल, तर स्वस्तातला उपाय आहे. माउंटबोर्डाच्या पाव इंच रुंद पट्ट्या कापून, काचेच्या आतल्या चारही कडांना, फ्रेमेच्या खाचेत लपतील अशा बसवायच्या. फ्रेमवाल्याला आधी सांगा म्हणजे तो खाच जरा खोल असलेली पट्टी देईल. तो 'काही गरज नाही साहेब' म्हणेल. त्याला हो म्हणा आणि पट्ट्या बसवून घ्या.

काच बरी की अ‍ॅक्रिलिक?

लहान फ्रेमेला काच. स्वस्त, ओरखडे पडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसता येते. मोठ्या फ्रेमेला वजन बघा. ३०×४० ची २ मिलिमीटर जाडीची काच पावणेचार किलोंच्या वर जाते, ३ मिलिमीटरची पावणेसहा किलोंच्या आसपास. त्याच मापाचं २ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक दोन किलोंच्या आत राहतं. पट्टी आणि बोर्ड यांचं वजन वेगळं. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वर लावणार असाल तर हा प्रश्न खर्चाचा राहतच नाही, अ‍ॅक्रिलिकच घ्या.

त्याचे दोष दोन. ओरखडे लवकर पडतात, आणि कोरड्या कापडाने पुसलं की स्थिर वीज तयार होऊन धूळ उलट जास्त चिकटते. मऊ ओलसर कापड वापरा. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे त्यावर मारू नका, ते धुरकट होतं. काचेवरसुद्धा स्प्रे थेट न मारता फडक्यावर मारावा, नाहीतर थेंब खाली ओघळून फ्रेमेत शिरतो.

'नॉन-रिफ्लेक्टिव्ह' म्हणून मिळणारी खरखरीत काच मला आवडत नाही. चकाकी जाते खरी, पण पोस्टराचा लाल रंगही त्याबरोबर मरतो. खिडकीसमोरची भिंत टाळली तर साधी काच पुरते.

काच-फ्रेमच नको. आणखी स्वस्त काय आहे?

प्रिंटसाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे फ्लेक्सवाला. चौकाचौकांत दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर लावणारी जी दुकानं आहेत, तिथेच विनाइलवर प्रिंट काढून सनबोर्डावर (फोमच्या हलक्या बोर्डावर) चढवून मिळतं. दर चौरस फुटाचा असतो. सनबोर्ड ३ मिलिमीटरचा घेतलात तर मोठं पोस्टर काही महिन्यांत धनुष्यासारखं वाकतं, ५ मिलिमीटरचा मागा. मॅट लॅमिनेशन सांगा, ग्लॉसी केलंत तर पोस्टरात ट्यूबलाइट दिसेल.

कागदाचं पोस्टर असेल तर वर-खाली लाकडी पट्ट्यांची जोडी. प्रत्येक जोडीतल्या दोन पट्ट्यांमध्ये कागद धरायचा, पट्ट्या आतल्या चुंबकांनी किंवा दोन छोट्या स्क्रूंनी आवळायच्या, वरच्या जोडीला दोरी. तयार मिळतात, नाहीतर सुताराकडे उरलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या मागून आणा, पॉलिश पेपर मारा, झालं. खालच्या पट्टीच्या वजनाने कागद ताठ राहतो. पंख्याच्या वाऱ्याने हलतं, आणि धूळ बसते ती बसतेच. मूळ पोस्टर असं कायमचं लटकवू नये. महिनाभर लावून परत आत ठेवायचं असेल तर हरकत नाही.

क्लिपा वापरणार असाल तर क्लिप आणि कागद यांच्यामध्ये जाड कागदाची घडी ठेवा. दमट हवेत क्लिपेचा गंज कागदावर उतरतो.

जुन्या फ्रेमा विकत घेऊन वापरता येतील?

येतील, आणि माझ्या मते हा सगळ्यात मजेचा मार्ग आहे. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात, आणि कुठल्याही गावात रद्दी-भंगारवाल्याकडे जुन्या तसबिरींच्या चौकटी मिळतात. जुनं सागवान हल्लीच्या पट्टीपेक्षा किती तरी चांगलं असतं. घेताना तीन गोष्टी बघा. कोपरे हलवून सैल आहेत का, मागे बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा आहे का (असेल तर ती फ्रेम घरात आणूच नका), आणि कर्ण मोजून चौकट वाकडी झालीय का. दोन्ही कर्ण सारखे असले तर चौकट काटकोनात आहे.

जुनी काच बऱ्याचदा किंचित लहरी असते. ती मला तर आवडते. मागचा जुना बोर्ड मात्र फेकून द्या.

घड्या पडलेलं किंवा वर्षानुवर्षं गुंडाळलेलं पोस्टर सपाट कसं करायचं?

वेळ देऊन. सतरंजीवर स्वच्छ पांढरा कागद, त्यावर पोस्टर, त्यावर पुन्हा कागद, वर प्लायचा तुकडा आणि त्यावर पुस्तकांचं वजन. दोन-तीन आठवडे विसरून जा. गुंडाळी घट्ट असेल तर आधी उलट्या बाजूने सैल गुंडाळून एक दिवस ठेवायची. कागद कडक होऊन कडा तडकत असतील तर उलटं गुंडाळणंही नको, पावसाळी हवेत तो आपोआप नरम पडतो, तेव्हा उघडा.

इस्त्री फिरवू नका. शाई चकाकते, कागद आणखी कडक होतो. आणि घड्यांच्या रेघा पूर्ण गेल्या पाहिजेत हा हट्टही सोडा.

फाटलंय. सेलोटेप लावू?

नको. टेपचा डिंक पिवळा होतो, मग तपकिरी, मग प्लास्टिक गळून पडतं आणि डाग राहतो. छोटी चीर असेल तर तशीच ठेवून मागे बोर्ड द्या. काचेआड दोन फुटांवरून ती दिसत नाही. मोठी फाट असेल आणि पोस्टर खरंच दुर्मीळ असेल तर कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्याकडून ते मागून जोडून किंवा कापडावर चढवून घ्यावं. ते स्वस्त नसतं, आणि प्रत्येक पोस्टराला त्याची गरजही नसते.

भाड्याचं घर आहे, मालक खिळा ठोकू देत नाही.

भिंतीवर तळहात घासून बघा. हाताला पांढरी पूड लागली तर चुना किंवा डिस्टेंपर आहे. तिथे चिकटपट्टीवाले हूक टिकणार नाहीत, रात्री धाडकन आवाज होईल. गुळगुळीत ऑइलपेंट किंवा चांगला प्लास्टिक इमल्शन असेल तर फ्रेमा लावायच्या चिकटपट्ट्या चालतात. पाकिटावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या निम्मंच धरा, लावण्याआधी भिंत पुसून कोरडी करा, आणि फ्रेम काचेची नको.

नाहीतर भिंतीला हातच लावू नका. टीव्ही युनिटवर, चपलांच्या रॅकवर, पुस्तकांच्या कपाटावर फ्रेम टेकवून ठेवा. खाली घसरू नये म्हणून रबराचे दोन ठिपके. पडद्याचा रॉड आधीच लागलेला असतो, त्याच्या टोकाला नायलॉनची दोरी अडकवून सनबोर्डाचं पोस्टर सोडता येतं. माळ्याच्या कडेलाही जमतं. मोठी फ्रेम सरळ जमिनीवर टेकवलेली चांगली दिसते, घरात रांगतं मूल किंवा मांजर नसेल तर.

ड्रिल करायची परवानगी आहे. काय सांभाळायचं?

स्विचबोर्डाच्या थेट वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरी बहुधा तिथूनच जातात. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही टाळा, आत पाइप असतात आणि ओलही. गिट्टी घालूनच स्क्रू लावा. मोठ्या फ्रेमेला एकाऐवजी दोन हूक, म्हणजे वजन विभागतं आणि दार आपटल्यावर फ्रेम तिरकी होत नाही. सुतळी वापरू नका, कोकण-मुंबईकडे साधी लोखंडी तारही नको. स्टीलची किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्या.

पावसाळ्यात फ्रेमेच्या आत बुरशी येते. काय करू?

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथले लोक सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात, आणि बुरशी आल्यावर विचारतात.

भिंत थंड आणि ओली, फ्रेम तिला चिकटलेली, मागे हवा नाही. पाणी तिथेच मुरतं. जुन्या घरांत तसबिरी वरून पुढे झुकलेल्या लावलेल्या असायच्या, आठवतात? त्यांच्या मागे आपोआप वारा खेळायचा. आपण सरळ लावणार असू तर खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे अर्धा इंच फट राहते. काही रुपयांत काम होतं.

बाहेरच्या बाजूची भिंत, विशेषतः जिच्यावर पावसाचा मारा येतो ती, पोस्टराला देऊ नका. घरातली मधली भिंत द्या. फ्रेमेचा पाठीमागचा सांधा कागदी टेपने बंद करा, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. पण कागद आणि बोर्ड पूर्ण कोरडे असतानाच बंद करा. म्हणून फ्रेम करायची वेळ म्हणजे दिवाळीनंतर ते उन्हाळा. जुलैत केलेली फ्रेम म्हणजे आतच कोंडलेला पाऊस.

बुरशी आलीच तर फ्रेम उघडून पोस्टर कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. उन्हात टाकू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने हलकेच, घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून झटका. बोर्ड बदला. भिंतीवरून एकदा उतरवलेली ती फ्रेम पुढचा पावसाळा कपाटात काढू दे.

ऊन लागतं त्या भिंतीवर लावलं तर किती फरक पडेल?

खूप. आधी पिवळा आणि लाल उडतो, मग उरतं निळं-काळं चित्र. पानाच्या टपरीमागे वर्षानुवर्षं राहिलेली पोस्टरं निळसर का दिसतात, त्याचं कारण हेच. एलईडी दिव्यांतून अतिनील किरणं फारच कमी येतात, तरी रात्रंदिवस पोस्टरावर स्पॉटलाइट सोडू नये, कारण साधा प्रकाशही हळूहळू रंग खातो. मूळ पोस्टर आणि उन्हाची भिंत एवढाच पर्याय असेल तर मूळ पोस्टराचं चांगलं स्कॅन करून त्याचं प्रिंट भिंतीवर लावा आणि मूळ आत सपाट ठेवा. ही पळवाट वाटेल, पण फ्रेमेचा खर्चही त्यात वाचतो.

नवं प्रिंट काढायला फाइल केवढी लागते?

दोन-तीन फुटांवरून बघायच्या पोस्टराला इंचाला १५० पिक्सेल पुरतात. २०×३० ला ३०००×४५००, आणि ३०×४० ला ४५००×६०००. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली इमेज लहान होऊन आलेली असते. तिची लांब बाजू १६०० पिक्सेल असेल तर नीट प्रिंट साडेदहा इंचांचंच निघेल. प्रिंटवाला 'होऊन जाईल' म्हणतो, आणि होतंही, फक्त अक्षरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात. घरात लावायला एक प्रिंट काढणं वेगळं आणि त्याच प्रती छापून विकणं वेगळं. दुसऱ्यात कॉपीराइटचा प्रश्न येतो.

मोठ्या पोस्टराला जागाच नाही. दहा बाय दहाची खोली आहे.

मग मोठं घेऊच नका. थिएटरबाहेरच्या काचेच्या कपाटात लागायची ती फोटोकार्डं आणि गाण्यांच्या पुस्तिका यांना लहान जागा पुरते, आणि त्या पोस्टरांपेक्षा स्वस्त मिळतात. ११×१४ च्या आसपासचं कार्ड १६×२० च्या फ्रेमेत माउंट घालून बसवलं की दोन बाजूंना अडीच इंच आणि वर-खाली तीन इंच मोकळी जागा राहते. पुस्तिका उघडून पानं सुटी करू नका. अख्खी ठेवून मुखपृष्ठ दिसेल अशी खोल फ्रेम करा.

उंचीबद्दल म्हणाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. हा हिशोब उभं राहून बघणाऱ्यांचा आहे. घरात आपण बसून बघतो, आणि बैठक जमिनीवर असेल तर बरंच खाली घ्या. आपल्याकडे फ्रेमा हमखास दाराच्या चौकटीच्याही वर जातात, ती सवय देवाच्या तसबिरींची आहे.

मूळ पोस्टरं कुठे बघायला मिळतात, कुठे विकत मिळतात?

विकत घ्यायला मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या पोस्टरांची दुकानं आहेत. घड्या उलगडून दाखवायला सांगा, पाठ बघा, भिंग बरोबर न्या. अभ्यास म्हणून बघायचं असेल तर पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे पोस्टरांचा मोठा साठा आहे. कोल्हापूरकरांनी या विषयात थोडा जादा भाव खायला हरकत नाही. कोल्हापूरचे चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या कंपनीच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे भारतातल्या शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय सिनेमा-पोस्टरांत धरलं जातं.

अमेरिकेत राहणाऱ्या भावासाठी पोस्टर पाठवायचंय. इथेच फ्रेम करून देऊ?

नको. काच वाटेत फुटेल आणि फुटलेली काच पोस्टर फाडेल. छापील बाजू बाहेर ठेवून, मऊ पांढऱ्या कागदाबरोबर सैल गुंडाळा आणि किमान तीन-चार इंच व्यासाच्या जाड नळीत घाला. नळीच्या आत आधी प्लास्टिकची पिशवी, दोन्ही टोकांना कागदाचे बोळे. ३०×४० हे माप तिकडे रेडीमेड फ्रेमेत सहज मिळतं, त्यामुळे आपलं मोठं जुनं पोस्टर त्याला तिथेच बसवता येईल. फक्त आधी त्याच्याकडून फ्रेमेत काच आणि बोर्ड बसतात त्या खाचेची खोली विचारून घ्या. खाच उथळ असेल तर माउंटच्या पट्ट्या आत मावणार नाहीत.